आधी कुणीतरी म्हणायला पाहिजे

माहेर माझं मोहन्याचं, कल्याणजवळ, तिथं ती रेयॉनची जुनी कंपनी होती ना, तिचा भोंगा झाला की आमच्याकडं चुलीवर चहा चढायचा, माझे बाबा त्याच कंपनीत होते, आणि लग्न होऊन मी आली ती इथं, घोडबंदर रोडवरनं खाडीकडं आत उतरलं की जे गाव लागतं तिथं. तेव्हा हा रोड म्हणजे काय सांगू तुम्हाला ताई, एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत माझ्या भाकऱ्या थापून व्हायच्या. आता बघा, खिडकीतनं हात बाहेर काढला तर समोरच्या टॉवरमधल्या बाईला चिमूटभर साखर देता येईल, एवढ्या जवळ जवळ बिल्डिंगी. नाव माझं मथुरा. लिहून घ्या तुम्ही ते, आमचे हे माझं नाव विसरलेत, निदान कागदावर तरी राहील. हसताय काय, खरं बोलते मी.

आम्ही आगरी. सासरे मिठागरावर राबायचे, मालक दुसराच, आणि थोडी भातशेती आमची स्वतःची होती. ती गेली बिल्डरकडं, तिच्यावरच ही बिल्डिंग उभी आहे, ह्या फ्लॅटात आम्ही दोघं आणि शेजारच्या फ्लॅटात मुलगा निलेश आणि सून प्रणाली. लोक बोलतात, तुमची काय मजा आहे, जागावाले तुम्ही. मजा आहेच, मी कशाला नाय बोलू, नळाला पाणी आहे, लिफ्ट आहे, गुडघे बोंबलतात तेव्हा लिफ्टच लागते. पण मी काय बसून खाल्लेलं नाय. मी शाळेत शिपाईबाई होती, रिटायर होईपर्यंत, म्हणून तर तुमच्याशी असं बोलते, मास्तरणींच्यात राहून राहून भाषा सुधारली, घरात मात्र आमची आगरीच. शिकली मी चौथीपर्यंत. पण व्हरांड्यात झाडू मारता मारता वर्गातले पाढे कानावर पडायचे, रोज रोज, रोज रोज, ते सगळे पाठ झाले. हे पाढ्यांचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर आमचे हे. दामोदर नाव, गावात सगळे दामूदादा बोलतात. पोरवयात वडिलांबरोबर मिठागराचे बांध राखायचे, उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी बांध फोडून आत शिरायचं आणि आख्खं मीठ वाहून जायचं, म्हणून मग लेंगे खोचून सगळे धावायचे माती टाकायला. नंतर ठाण्याला एका कंपनीत फिटर लागले. पण ह्यांचा जीव कशात होता म्हणाल तर पखवाजात. गावच्या भजनी मंडळात पखवाज ह्यांचाच. दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाय, मुलानं लावलेला चालायचा नाय, मी पुसायला उचलला तरी मागनं आवाज यायचा, हळू गो.

पखवाजाला कणीक लावतात, माहितीय तुम्हाला? डाव्या तोंडाला भिजवलेल्या पिठाचा गोळा थापतात, तेव्हा तो घुमतो, नाहीतर नुसता डबा बडवल्यासारखा वाजतो. एकादशीला भजन असायचं, घरात सगळ्यांना उपास, आणि मी पखवाजापुरती कणीक मळत बसलेली. हे तयार होऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, बोलायचे काय नाय, नुसता तळहात पुढं करायचे, आणि मी त्याच्यावर कणकेचा गोळा ठेवायची. आमच्या संसारातला लाडीगोडीचा भाग म्हणाल तर एवढाच, बाकी हे कामावर नाहीतर देवळात, मी शाळेत नाहीतर मोरीत.

आणि भजन सुरू झालं की ह्यांची नजर सगळा वेळ नामाबुवांच्या तोंडावर. नामाबुवा म्हणजे आमचे गाणारे बुवा, ह्यांचे लहानपणचे दोस्त. आम्ही बायका मागं, देवळाच्या कठड्याला टेकून, नाहीतर चहाच्या पातेल्याजवळ. मी नवीन लग्न झालेली, जरीची साडी नेसून मुद्दाम ह्यांच्या समोरनं चहा घेऊन जायची, तर हे बुवाकडंच बघतायत. एकदा बोलली मी, लगीन माझ्याशी केलंय की नामाबुवाशी? तर बोलले, अगो बुवा कवा कुठं वळंल सांगता येतं काय, नजर हलली की मी मेलो. मी बोलली, मग मरा. असं आमचं चालायचं.

नामाबुवा गेले आणि मंडळच बसलं. गावातली पोरं आता हळदीला बेंजो आणतात, डीजे आणतात, भजनाला कोण येतंय. पखवाज कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. तेव्हापासनंच ह्यांचं सुरू झालं असं माझं म्हणणं, डॉक्टर बोलतात तसं काय नसतं, आजार तो आजारच असतो, आतनं हळूहळू होतो. असेल. पहिल्यांदा छोटं छोटंच होतं, भाजीच्या पिशवीत चपला आणल्या, आंघोळ करून आले आणि परत आंघोळीला निघाले, मेलेल्या भावाला फोन लावा बोलले. आम्ही हसायचो. मग हसणं बंद झालं. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला, मी बोलली औषध द्या, ते बोलले, आजी, औषध देतो, पण ह्याच्यानं बरं होणार नाही, फक्त थोडं धरून ठेवेल.

दिवसाचं मी निभावायची, खरी गडबड दिवेलागणीला. दिवसभर खिडकीशी गप बसलेला माणूस एकदम उठायचा, लेंगा गुडघ्यावर खोचायचा आणि दाराशी, मला सोड म्हणून. मना सोर गो बाय, उधाण आयलंय, बांध फुटंल. अहो कसला बांध, मिठागर कवाच गेलं, तिथं टॉवर झालेत. काय उपयोग. मी आडवी उभी राहिली की ढकलायचे, माझ्या दंडावर वळ उठायचे, आणि तोंडाकडं बघून विचारायचे, कोन गो तू, माज्या घरान काय करतंस? ताई, माणूस मारतो त्याचं एवढं लागत नाय. हे विचारतो ना, त्याचं लागतं.

एकदा दूधवाला आला आणि दार उघडं राहिलं, मी गॅस बारीक करायला आत गेली तेवढ्यात हे लिफ्टनं खाली. वॉचमनला वाटलं फिरायला चालले. सापडले कुठं, तर घोडबंदर रोडच्या मधोमध, लेंगा खोचलेला, आणि एका मोठ्या गाडीच्या बॉनेटवर हात आपटून त्या ड्रायव्हरला सांगतायत, माती टाक रे, बघतोस काय, माती टाक. गावातल्याच एका रिक्षावाल्यानं ओळखलं आणि धरून आणलं. त्या रोडच्या ट्रॅफिकला आपण सगळे उठता बसता शिव्या घालतो, त्या दिवशी त्याच ट्रॅफिकनं माझं कुंकू राखलं, गाड्या हलत नव्हत्या म्हणून हे जिवंत.

त्याच्यानंतर निलेश बोलला, आई, आता नाय जमणार. त्याचा रेती-विटांचा सप्लाय आहे, दिवसभर फोन, दिवसभर साइटवर. वाईट नाय माझा मुलगा, बोलताना रडत होता. मुरबाडच्या बाजूला अशा माणसांचा आश्रम आहे, तो बघून आला, स्वच्छ आहे बोलला, नर्स आहेत, गेटला कुलूप असतं. गणपती झाले की जागा होणार होती. मी हो बोलली. काय करू, झोप नाय, दंड काळेनिळे, आणि बीपीच्या गोळ्या माझ्याच मी विसरायला लागलेली. हो बोलली आणि मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. ह्या माणसाला दिवेलागणीला बांध दिसतो, तिथं मुरबाडला खाडी पण नाय, तिथं कुठं धावणार हा, असंच सारखं मनात यायचं.

आता प्रणालीचं सांगते. माझी सून बोलायला फटकळ आहे, तोंडावर बोलते, पण करायला मागं नाय. ती एक दिवस ऑफिसमधनं येऊन बोलली, आई, वर्तकनगरला दर शनिवारी सकाळी म्हाताऱ्या माणसांचं ड्रम वाजवायचं असतं, गोल करून बसतात, विसरणाऱ्या माणसांना पण घेतात, बाबांना न्या. मी बोलली, ड्रम वाजवून काय डोकं परत येणार आहे? ती बोलली, येणार नाय, पण तुम्हाला तासभर एका जागी टेकायला तर मिळेल. हे मला पटलं. खरं सांगते, मी ह्यांच्यासाठी नाय गेली, माझ्या टेकण्यासाठी गेली.

वर्तकनगरला तिथल्या वसाहतीत एक हॉल आहे, बारसं, डोहाळजेवण असलं सगळं होतं तिथं. शिकवणारी केतकी, असेल चाळिशीची, तिच्या आईला हाच आजार होता, आई गेली आणि हिनं हे सुरू केलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या पुढं एकेक ते जेंबे, उभं असतं, वरनं रुंद खाली निमुळतं, दोन्ही हातांनी बडवायचं. कुणाला डफ, कुणाला खंजिरी. कुणी नुसतेच म्हातारे, एकटे राहतात म्हणून आलेले, कुणी आमच्यासारखे. केतकीची पद्धत अशी की ती आधी वाजवणार, धूम धूम तक, मग सगळ्यांनी तसंच वाजवायचं. आणि काय सांगू तुम्हाला, वाजवायचे हो. एक आजोबा, हात थरथरतात, चमच्यानं भात खाता येत नाय, ते पण वाजवायचे, आणि वाजवताना हात थरथरायचे नाहीत.

वाजवत नव्हता एकच माणूस. आमचे हे. मांडीवर हात ठेवून बसलेले, फोटो काढायला बसवल्यासारखे. मला एवढी लाज वाटली, ज्या माणसानं जन्मभर पखवाज वाजवला त्याला साधं धूम तक येईना. मी ह्यांचे हात धरून ड्रमवर ठेवले, ह्यांनी ओढून घेतले. परत ठेवले, परत ओढून घेतले. दुसऱ्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याला तर सगळे रंगात येऊन जोरात वाजवायला लागले, आणि हे कानावर हात ठेवून ओरडले, बंद करा रे, कोन मेलाय काय! सगळे गप. एक आजी रडायला लागल्या.

केतकी माझ्या शेजारी येऊन बसली, खूप हळू बोलली, काकू, काही जणांना आवाज सोसत नाही, काकांना भीती वाटत असेल, आपण त्यांना थोडे दिवस बाहेर व्हरांड्यात बसवूया का. चांगलंच बोलली ती. पण मला ऐकू काय आलं सांगू, मला ऐकू आलं की इथंपण नाय जमणार. रिक्षात मी बाहेर तोंड करून रडली. हे मला बोलले, रडू नको बाय, तुजा घर कंचा, तुला सोरतो. म्हणजे बघा, मलाच घरी सोडायला निघालेले.

गणपती तोंडावर आले. रस्त्यात मंडप उभे राहिले की लोकांना आनंद होतो, मी बोटांवर उरलेले दिवस मोजायची. निलेशनं ह्यांच्यासाठी नवीन बनियन, नवीन चादरी आणून ठेवलेल्या, आश्रमात न्यायला, त्या पिशवीकडं बघवायचं नाय. त्या शनिवारी मी बोलली, नको आता वर्तकनगर, कशाला माणसाचे हाल. प्रणाली बोलली, आई, साडी बदला, रिक्षा खाली उभी आहे. तिच्यापुढं कोण बोलणार.

आता तिथं एक बाई यायच्या, वैद्य आडनावाच्या. डोंबिवलीला जन्मभर शाळेत शिकवलं, आता लेकीकडं वर्तकनगरला राहतात, त्यांनापण हाच आजार. सुती साडी, पिन लावलेली, आणि हॉलमधे आल्या की त्यांना वाटायचं हा आपला वर्ग आहे. मागे कोण बोलतंय, हात बाकावर ठेवा, असं चाललेलं असायचं त्यांचं. ड्रम वाजवायच्या, पण मधेच थांबून कुणाला तरी दटवायच्या, एकदा केतकीलाच बोलल्या, उशीर का झाला, चिठ्ठी आणलीय का घरून. त्यांची लेक बिचारी ओशाळायची. मला त्या बाई आवडायच्या, शाळेतली आठवण यायची.

तर त्या दिवशी केतकीनं सगळ्यांना पाणी प्यायला थांबवलं. हॉल शांत, नुसते पंखे. आणि त्या शांततेत वैद्य बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्या खुर्चीत ताठ झाल्या आणि पाढा सुरू केला. खणखणीत, त्या शाळेतल्या चालीत. बे एके बे, बे दुणे चार. कुणी लक्ष दिलं नाय, त्यांची सवयच ती. पण माझ्या शेजारी हालचाल झाली. आमच्या ह्यांची मान वळली. बाईंच्या तोंडाकडं. बे त्रिक सहा. तो समोरचा ड्रम ह्यांनी उचलला, आडवा करून मांडीवर घेतला, पखवाज घेतात तसा. बे चोक आठ. उजवा हात वर गेला, आणि बे पंचे दहाच्या दहावर थाप पडली, ताई, अशी पडली, की माझ्या अंगावर काटा आला, आता सांगताना पण येतोय, हे बघा.

मग काय. बे सक बारा, बे साती चौदा, बाई पुढं आणि हे मागं, बरोबर मागं, कुठं पुढं जायचं नाय, कुठं पडायचं नाय. बे दाहे वीस झालं, ह्यांनी गोल फिरवून अशी थाप मारून संपवलं, जसं भजनात संपवायचे, आणि थांबले. बाईंकडं बघतायत. बाईंनी पण बघितलं ह्यांच्याकडं, चष्म्याच्या वरनं, आणि बोलल्या, शाबास, पुढचा. तीन एके तीन. झालं, आख्खा हॉल तीनचा पाढा म्हणायला लागला, ते थरथरणारे आजोबा पण, केतकी पण, तिच्या डोळ्यात पाणी, वाजवतेय आणि पाढा म्हणतेय आणि मधेच चुकतेय, तर वैद्य बाई तिलाच बोट दाखवतायत.

पाढा थांबला तसं ह्यांनी त्या ड्रमची डावी बाजू चाचपली. आता त्या ड्रमला डावं तोंडच नाय, तिकडनं तो मोकळा, हात आत गेला. हे गोंधळले. आत बघितलं, बाहेर बघितलं. आणि मग, केतकी समोर होती, प्रणाली मागं होती, हे वळले माझ्याकडं, आणि तळहात पुढं केला. बोलले काय नाय. नुसता तळहात. प्रणालीला वाटलं पाणी मागतायत, ती बाटली घेऊन आली, मी बोलली थांब. मला माहीत होतं काय पाहिजे ते. कणीक पाहिजे. कोन गो तू विचारणारा माणूस, पण कणीक कुणाकडं मागायची ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. माझ्याकडं त्या वेळी कणीक कुठली, मी त्या तळहातावर माझा हात ठेवला. ह्यांनी तो बाजूला केला हो, ह्यांना कणीकच पाहिजे होती. मी रडत होती आणि हसत होती.

केतकीच बोलली मग, काकू, काकांना आवाजाची भीती नाहीये, काकांना गाणारं माणूस लागतं, मी नुसता ड्रम वाजवत राहिले, ते कुणीतरी म्हणायची वाट बघत बसले. आणि बरोबर होतं तिचं. पखवाजवाला कधी आपणहून सुरू करतो का? बुवा पहिली ओळ म्हणणार, मग तो उचलणार. आधी कुणीतरी म्हणायला पाहिजे. एवढे शनिवार हे हट्टानं बसलेले नव्हते, घाबरून बसलेले नव्हते, शिस्तीत बसलेले. आणि आम्ही त्यांचे हात धरून आपटत होतो, म्हणून तर चिडायचे. मला डोक्यावरनं हंडा उतरवल्यासारखं झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी निलेशला माळ्यावर चढवलं. पखवाज काढला, एका बाजूचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. निलेशनं ठाण्याला नेऊन दोन्ही तोंडांच्या पुड्या बदलून आणल्या. पुढच्या शनिवारी मी स्टीलच्या डब्यात कणीक भरून घेतली, त्या दिवशी निलेश पण आला, साइटवरचे फोन बंद करून. ह्यांनी तळहात पुढं केला, मी गोळा ठेवला, आणि ह्यांनी तो डाव्या तोंडावर थापला, बोटांनी पसरवला, एक थाप मारून ऐकलं, परत थोडी काढली, परत ऐकलं. निलेश बघत उभा. लहानपणी ह्या पखवाजाला हात लावला म्हणून मार खाल्लेला त्यानं. वैद्य बाईंनी पाढा सुरू केला, मग केतकीनं आरतीची चाल धरली, मग कुणी काय, मग कुणी काय, हे सगळ्यांच्या मागं, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून. घरी येताना निलेशनं बिल्डिंगखाली गाडी लावली आणि तिथंच बसून आश्रमाला फोन लावला, बोलला, आमची जागा दुसऱ्या कुणाला द्या. फोन ठेवला आणि मला बोलला, आई, नाय जमलं तर मग बघू, पण आत्ता नको. मी बोलली, आत्ता नको. गणपतीत आम्ही ह्यांना मखराच्या शेजारी बसवलं, पखवाज मांडीवर, आणि ती चादरींची पिशवी मी कपाटात टाकली, त्यातल्या चादरी आता घरीच वापरते.

पण शनिवार झाला आठवड्यातनं एक, दिवेलागण तर रोजचीच. पखवाज नेला त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच हे उठले, लेंगा खोचला, मना सोर. मी घाबरली, आणि काय करावं कळेना तर तिथंच दारात उभी राहून बोलली, बे एके बे. माझा आवाज म्हणजे फुटकं भांडं, देवळात मी नुसती टाळी वाजवायची, तोंड कधी उघडलं नाय, बायकांनी भजन म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती तेव्हा. बे दुणे चार. हे थांबले. बे त्रिक सहा. दारावरचा हात खाली आला. मी पाढा म्हणत म्हणत मागं मागं चालत खोलीत गेली आणि हे माझ्या मागं मागं. पखवाज पुढं ठेवला, खाली बसले. बांध राहिला तिकडंच.

आता रोज बसतो आम्ही. पाढ्यांचा मला कंटाळा आला तर मी काय पण म्हणते, भजनाच्या चालीवर. आज केली भेंडी, वरणभात केला, निलेश आला नाय, फोन नाय केला. खरंच, असलं म्हणते. ह्यांना शब्दांचं काय नाय, कुणीतरी पुढं पाहिजे आणि चाल चुकता कामा नये, चाल चुकली की वाजवायचं थांबून माझ्याकडं असं बघतात, की नामाबुवा परवडला. खालच्या फ्लॅटवाल्यांनी आधी मेसेज टाकलेला, आवाज होतो म्हणून, प्रणालीनं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाय, पण आता त्यांची आजी वर येऊन बसते.

बरे झाले का, तर नाय. मी कुणाला फसवणार नाय. अजून चपला फ्रिजमधे सापडतात. परवा मला विचारत होते, तुजी आय बरी हाय ना. आई जाऊन किती वर्षं झाली. वैद्य बाईंचं पण उतरत चाललंय, आता त्या बे चोक आठपर्यंतच जातात आणि थांबतात, हॉलभर बघत राहतात, मग आम्ही सगळे मिळून पुढं म्हणतो, बे पंचे दहा, आणि त्या मान हलवतात, बरोबर, बरोबर. पण माझे दंड बरे झाले ताई, झोप लागते मला. वाजवून दमतात आणि जेवून झोपतात, शांत. एका माणसाला झोप लागली की घरातल्या सगळ्यांना लागते.

चहा संपवा तो, थंड झाला. आणि तेवढं लाइटचं बटण दाबा, दिवेलागण झाली. तुम्ही बसा, तुमचं काय नाय, फक्त आता मधे बोलू नका. हे बघा, उठले. बघा, लेंगा नाय खोचला. आले स्वयंपाकघराच्या दारात. घ्या हो, घ्या कणीक. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना देव सांभाळो ताई, आणि सांभाळायला तुम्हाला ताकद देवो, दुसरं मी काय देणार. आता आमची बैठक. बघा बघा, मांडीवर घेतला, आणि नजर कुठं लावली बघा. लग्नाला एवढी वर्षं झाली, जरीच्या साड्या नेसून झाल्या, समोरनं चहा नेऊन झाला, ही नजर माझ्या तोंडावर कधी ठरली नाय. आता माझं नाव येत नाय त्यांना, बायको की बहीण की शेजारीण काय माहीत नाय, पण मी तोंड उघडल्याशिवाय ते हात उचलत नाहीत. बघताय ना, थांबलेत माझ्यासाठी.